बादलीतली निळी झाक

हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. ह्यांनाही नाही — आणि ह्यांच्यापासून लपवावं असं माझ्याकडे दुसरं काही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही आमच्या माडीवर कधी येणार नाही.

गोष्ट एका खोलीच्या जमिनीच्या रंगाची आहे. एवढीच. रंगात काय एवढं, असं तुम्ही म्हणाल. मीही पुष्कळ दिवस तसंच म्हणत होते.

आमचं घर कानडी मुलखात, बसवनगुडीत. खाली सगळीकडे तांबडी, गुळगुळीत सिमेंटची जमीन. माडीवरच्या एकुलत्या एक खोलीत मात्र लाकडी फळ्या. त्यांच्यावर वर्षानुवर्षांचं मेण आणि मळ बसलेला. मोडक्या खुर्च्या आणि जुन्या गाद्या ठेवायची ती जागा. तेव्हा आम्ही तांदूळ अजून शेराने आणत होतो, किलो यायचे होते. मला या घरात येऊन अकरा वर्षं झाली होती आणि धाकटी जाऊ सुधा हिला चार महिने.

अकरा वर्षं मी मामंजींकडे एकच गोष्ट मागत होते — स्वयंपाकघराला पूर्वेकडून एक खिडकी. धुराने डोळे चुरचुरायचे, भर दिवसा दिवा लावून तांदूळ निवडावे लागायचे. मामंजी म्हणायचे, "बघू." सुधा पुण्याची, बालवर्गाचं शिक्षण घेऊन आलेली. एका सकाळी चहा देता देता ती म्हणाली, "मामंजी, वरची खोली मला वर्गाला द्याल?" आणि ते वर्तमानपत्रातून डोकं वर काढून म्हणाले, "सरी. घे की."

सरी! म्हणजे बरं, चालेल. मी दाराआड खोबरं किसत होते. बोट किसणीवर गेलं, एवढं आठवतं.

ती वाईट असती तर सोपं झालं असतं. पण सुधा मला पहिल्या दिवसापासून अक्का म्हणायची, माझ्या हातची भांडी ओढून घ्यायची. तिने चुटका सांगितला की मामंजी मोठ्याने हसायचे. त्यांना हसता येतं हे मला अकरा वर्षांत ठाऊक नव्हतं. मला ते नावाने हाकही मारत नसत. मी थोरली.

मामंजींची अट एकच होती. "एकदाच करून देईन. मुलं बसवण्याजोगी झाली तर वर्ग, नाहीतर पुन्हा विषय काढायचा नाही." विजयादशमीला वर्ग सुरू व्हायचा होता. आठ मुलांच्या आयांनी होकार दिला होता. खोलीला खिडकी एकच, म्हणून सुधाला जमीन मधासारखी उजळ हवी होती — फळ्यांवर पडलेला उजेड खोलीभर पसरावा म्हणून. चार दिवस ती दुसरं काही बोलत नव्हती.

पॉलिशवाल्याने फळ्या घासल्या, धुतल्या. मी त्याला कॉफी द्यायला वर गेले. धुतल्याचं पाणी बादलीत होतं, खिडकीतलं ऊन त्यावर पडलं होतं. पाणी पिवळट. आणि त्याच्यावर निळी झाक.

मी तिथेच ओळखलं. माझ्या वडिलांची चामराजपेटेत लाकडाची वखार होती. ही होन्ने — तिकडे महाराष्ट्रात बिबला म्हणतात ते झाड. आमच्या आजोबांना साखरेचा आजार, त्यांचं प्यायचं पाणी होन्नेच्या पेल्यात असे, त्यात हीच निळी झाक. आणि आम्ही पोरं काय करायचो? वाटीत होन्नेचा भुसा भिजवून गंजके खिळे टाकायचो. काळीभोर शाई व्हायची. त्या शाईने मी पाढे लिहिले आहेत.

पॉलिशवाला जमिनीला सागवान समजत होता. सुकल्यावर दिसतंही तसंच. त्याच्या रंगात हिराकस होता, आणि हिराकस म्हणजे लोखंडच. नमुने त्याने सागवानी दाराच्या उरलेल्या तुकड्यांवर काढले होते. वडील गिऱ्हाइकांना बजावायचे, पहिला हात जमिनीच्याच कोपऱ्यात मारून बघा. हेही मला माहीत होतं. मी कॉफीचा पेला उचलला आणि खाली आले.

इथवर मी नुसती गप्प होते. तेवढंच असतं तर कदाचित आज हे सांगत बसले नसते.

दुपारी सुधा नमुन्याचे दोन तुकडे घेऊन खाली आली, एक फिका, एक मधाळ. "अक्का, तुम्ही वखारीतल्या. तुम्ही सांगाल तो."

मी हात धुतले. पदराला पुसले. मधाळ तुकडा दाराशी उजेडात नेला, तिरका धरला, नखाने वाजवलासुद्धा — अगदी वडिलांसारखा. मग म्हटलं, "हा घे. छान उठेल."

का? खिडकीसाठी? तिला मिळालेल्या त्या एका शब्दासाठी? उत्तर शोधत बसण्यात अर्थ नाही. मला काय होणार ते माहीत होतं आणि ते व्हावं असं मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मी डाळीला फोडणी देत होते, पण कान माडीकडे होते. "अय्यो, अम्मा, इदेनु!" — हे काय, म्हणून पॉलिशवाला ओरडला. मी — गॅसबिस काही नव्हता तेव्हा — चुलीतलं लाकूड नीट मागे ओढून, हात पुसून, सावकाश वर गेले. जमीन निळसर काळी पडली होती. कुठे दाट, कुठे पातळ, दौत लवंडल्यासारखी. तो बिचारा ओल्या फडक्याने पुसत होता तसतशी ती जास्तच पसरत होती.

मामंजी आले. दारातूनच म्हणाले, "इथे मुलं बसवणार की म्हशी?" पॉलिशवाल्याला त्यांनी त्याच पावली हाकललं. ओळखीच्या चार घरी सांगितलं, याला काम देऊ नका. त्याची चूक स्वल्प होती. माझी त्याला कळलीच नाही.

सुधा नमुन्याचा तुकडा हातात धरून उभी होती. एकदा तुकड्याकडे बघे, एकदा जमिनीकडे. मला वाटलं, आता म्हणेल, अक्कांनी सांगितलं होतं. मी तयारी करून ठेवली होती — "मी तुकड्याबद्दल बोलले, जमीन मी कुठे पाहिली?"

ती म्हणाली, "मामंजी, रंग मी निवडला. चूक माझी."

आणि मी जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिले.

"यापुढे घरातलं काही करायचं तर थोरलीला विचारा," मामंजी म्हणाले. "तिला लाकडातलं कळतं."

त्या आठ घरी सुधा एकटी जाऊन सांगून आली. पुन्हा तिने कशासाठी हट्ट धरला नाही, चुटकेही हळूहळू थांबले. आणि मला महिन्याभरात खिडकी मिळाली. चौकट मीच पसंत केली. सागवानी.

मामंजी जाऊन आता चार वर्षं झाली. जमीन पुन्हा घासता आली असती, योग्य रंग देता आला असता. कसा द्यायचा हे मला ठाऊक आहे. पण मग मला ते कधीपासून ठाऊक आहे, हेही सांगावं लागलं असतं. त्या फळ्यांवर आता चिंचेच्या आणि लोणच्याच्या बरण्या असतात.

रोज सकाळी सुधा निवडायच्या तांदळाचं सूप घेऊन माझ्या खिडकीशी येते. "अक्का, घरात उजेड काय तो इथेच," म्हणते.

मी पाट सरकवते. ती बसते.