ओंबी येईस्तोवर

गालीलाच्या त्या डोंगरगावात, रविवारी पाद्री प्रभूचा प्रसाद म्हणून देतो त्या पवित्र भाकरीचा गहू एकोणतीस वर्षं झरीफानं निवडला. तेवढ्यात पाद्री तीन बदलले, निवडणारी एकच राहिली. शनिवारी सकाळी चर्चच्या ओट्यावर बसायचं, मांडीवर पसरट टोपलं घ्यायचं आणि गव्हातलं निदण वेचायचं. निदणाचा दाणा गव्हाचाच धाकटा भाऊ वाटतो. जरा बारका, जरा करडा. पिठात गेला की भाकर कडू होते आणि खाणाऱ्याला भोवळ येते. झरीफा डोळे मिटून नुसत्या बोटानं तो ओळखायची. वेचलेलं घरी नेऊन कोंबड्यांना टाकायची. कोंबड्यांना भोवळ येत नाही, कारण भोवळायला डोकं लागतं, असं तिचं म्हणणं.

नवरा लवकर गेला. लेक एकच, नजला. ती गावच्या कारभाऱ्याच्या, मुख्तार फदीलच्या, धाकट्या भावाला दिली होती. हा शहादे ऊठसूट हात उगारणारा. दोन वर्षं मार खाऊन नजला एका खेचरवाल्याबरोबर अक्का शहराकडं निघून गेली. ना लग्न, ना पाद्री. गाव थुंकलं ते थुंकलंच.

मुख्तारची आई हन्ने शनिवारी मुद्दाम ओट्याशी थांबायची. "झरीफा, गावाचं निदण येचतीस, घरातलं कसं गं दिसलं न्हाई?"

"दिसलं असतं हन्नेकाकी," झरीफा टोपल्यातून मान वर न काढता म्हणायची, "पर तुमच्या घरी दिलं तवा तो गहूच हुता."

नवव्या वर्षी नजला परत आली. खेचरवाल्यानं तिला उचलून दाराशी ठेवलं, झरीफाकडं न बघता खेचराचा कासरा धरला आणि निघून गेला. पोरीच्या छातीत पाणी झालेलं. श्वास घेताना घागर बुडबुडावी तसा आवाज यायचा.

"आये, भाकर पायजे मला."

झरीफा चुलीकडं वळली.

"ती न्हाई. तू निवडतीस ती."

त्याच रविवारी पाद्र्यानं, अबूना इस्तिफाननं, निदणाचा दृष्टांत वाचला. आवाज गोड, लोणी लावल्यासारखा. स्वर्गाचं राज्य म्हणजे एका माणसानं शेतात चांगलं बी पेरलं. वैऱ्यानं येऊन त्यात निदण टाकलं. चाकर म्हणाले, उपटू का? धनी म्हणाला, नको, त्याच्यासंगं गहू उपटाल. कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या, मग कापणारे, म्हणजे देवदूत, वेगळं करतील. "देव सबुरीचा आहे," अबूना म्हणाला. मोहरीचा दाणा, खमीर, मोती, जाळं, हे सगळे दृष्टांत झरीफा दरवर्षी ऐकत आली होती, पावसाळ्यातला गडगडाट ऐकावा तसे. यावेळी मात्र शब्द न् शब्द तिनं पदरात बांधून घेतला. लोक पांगायच्या आत तिनं अबूनाला दारातच गाठलं.

"अबूना, पोरगी मराया टेकलीय. भाकर घेऊन घरी चला."

अबूनानं मागं उभ्या मुख्तारकडं पाहिलं. मुख्तार मिशी पिळत होता.

"आधी तिनं ह्या दारात उभं राहून गावाची माफी मागाय पायजे," अबूना म्हणाला. "येत्या रविवारी."

"तिला बसाया येत न्हाई. उभी कशी ऱ्हाईल?"

"मग माझा इलाज न्हाई, झरीफा."

"आत्ताच वाचलंत न्हवं, दोन्ही वाढू द्या म्हून?"

"त्याचा अर्थ प्रभूनं सोता सांगितलाय. शेत म्हंजे जग. चर्च न्हवं. चर्चमधी खुरपायचं काम माझं."

"मग चर्च काय जगाच्या भायेर बांधलंय?"

कुणीतरी खुसखुसलं. अबूनाचे कान लाल झाले.

"नवी नवरी हुते," झरीफा म्हणाली, "तवा सासऱ्याच्या शेतात निदण समजून उपटत सुटले. दोन पेंढ्या झाल्या. सासूनं बघितलं अन् झिंज्या धरून आपटलं मला. समदा गहू हुता. आज दाना मी बोटानं वळखते, पर हिरवं पान मला अजून कळत न्हाई. ओंबी येईस्तोवर कुनालाच कळत न्हाई. तुमास्नी कसं कळलं?"

"न्याय देवाचा असतो, बाई."

"कापनीला असतो. अन् कापनारे देवदूत, आसं बी तुमीच वाचलं. तुमी कवापासनं देवदूत झाला?"

मुख्तार खाकरला. अबूना खाली बघून म्हणाला, "रविवारी."

"मग ह्या शनवारपासनं गहू बी तुमीच निवडा. नजर हाय तुमची."

नजला शुक्रवारी गेली. अबूना आला, दारातच थबकला. "रविवार तरी येऊ द्यायचा हुता," म्हणाला. जणू घाई पोरीनंच केली. कबर चर्चच्या भिंतीबाहेर, निवडुंगाच्या कुंपणाशी ठरली. खांद्याला गावातलं कुणी आलं नाही. कुठून कळलं देव जाणे, खेचरवाला आला. त्या खडकाळ जागेत खड्डा त्यानं आणि झरीफानं खणला. त्याच्या हाताला फोड आले.

चाळिसाव्या दिवशी मेलेल्याच्या नावानं गहू शिजवतात, साखर आणि डाळिंबाचे दाणे घालतात. पाद्री त्याला आशीर्वाद देतो. मग जो तो मूठभर घेऊन खातो आणि म्हणतो, देव तिच्यावर दया करो. अबूनानं भांडं आत येऊ दिलं नाही. झरीफानं ते बाहेर पायरीवर ठेवलं आणि शेजारी बसली.

प्रार्थना सुटली. लोकांना एकाएकी आभाळात काहीतरी दिसू लागलं, भांड्याकडं कुणी बघेना. मुख्तारनं अंगरखा आवळून घेतला, भांड्याला शिवू नये म्हणून. शहादे नव्या बायकोला पुढं घालून भरभर उतरला. सगळ्यात शेवटी काठी टेकत हन्ने आली. थांबली. वाकून मूठभर गहू घेतला आणि बोळक्यात घोळवत बसली. झरीफा तिच्या तोंडाकडं बघत राहिली. त्या चार शब्दांसाठी तिनं म्हातारीचे पायही धरले असते.

म्हातारीनं गिळलं. "साखर कमी पडली गं," म्हणाली, दुसरी मूठ उचलली आणि खात खात निघून गेली.

अंगणात कुणी उरलं नाही. झरीफानं भांडं मांडीत घेतलं. एक मूठ तोंडात घातली, चावून गिळली आणि मोठ्यानं म्हणाली, "देव तिच्यावर दया करो." मग दुसरी मूठ. मग तिसरी. आतून अबूनानं दार लोटून घेतलं. तिनं आवाज आणखी चढवला. पोट टम्म फुगलं, घास वर यायला लागला, पण भांड्याचा तळ दिसल्याशिवाय ती उठली नाही.