शालिकचे कारागीर

शालिक कुणालाही भेटला की नमस्काराच्या आधी स्वतःची छाती थोपटायचा आणि म्हणायचा, “आपल्या रक्तात कारागीर फिरून रायले, भाऊ!” हृदयाचा झटका येऊन गेलेली माणसं जपून, भीतभीत जगतात. हा नवरदेवासारखा मिरवायचा. आणि त्याच्या पाठोपाठ झटका आलेला मी शेजारी उभा राहून जळायचो.

मोहाडीच्या कोष्टीपुऱ्यात आमची घरं समोरासमोर. त्याचा माग, माझं कापडाचं दुकान. लहानपणापासून तो माझ्या पुढे. पोहण्यात पुढे, भजनातल्या आवाजात पुढे. त्याने विणलेलं कोशाच्या रेशमाचं लुगडं मी विकायला काढलं, की गिऱ्हाईक माझ्याकडे न बघताच विचारायचं, “शालिकभाऊच्याच हातचं हाय ना?” माझी बायकोसुद्धा ऐकवायची, “भाऊजी पाहा कसे हासत रायतेत, नाईतं तुमी!” आळीत कुणाचा ताणा मोठा तुटला की माणसं आपापले माग सोडून धागे सांधायला जात. ज्या दारात चपलांची गर्दी, तिथे ताणा तुटलाय, हे पोरासोरांनाही कळायचं. त्या गर्दीतही सगळे वाट पाहत ती शालिकच्या बोटांची.

आमच्या जिल्ह्यातून गोंदिया वेगळा जिल्हा होऊन काही वर्षं झाली होती. एकाच उन्हाळ्यात आधी त्याला झटका आला, मग मला. निदान आजारपणात तरी बरोबरी झाली, असं मला वाटलं. नागपूरच्या दवाखान्यातली डॉक्टरीणबाईही एकच. झटक्यानंतर हाडांतल्या मज्जेतून काही पेशी रक्तात उतरतात आणि जखमी हृदयात नव्या बारीक रक्तवाहिन्या उभारायला हातभार लावतात, असा त्यांचा कयास होता. त्यासाठी आम्हा दोघांचंही रक्त घेतलं होतं. पुढच्या खेपेला बाई सहज बोलून गेल्या, की शालिकच्या रक्तात त्या पेशी भरपूर सापडल्या आणि माझ्या रक्तात बऱ्याच कमी. त्या पेशींनाच शालिक कारागीर म्हणू लागला.

झालं! रक्तातही हा पुढेच. परतताना एसटीत तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “वसंता, तुह्या हाडायनंबी दुकानच टाकलं काय बे? माल बाहेर काढूनच नाई रायले!” अख्खी गाडी हसली. मी खिडकीबाहेर धानाच्या बांध्या बघत बसलो.

बाईंनी दोघांनाही चालायला सांगितलं होतं. रोज सकाळी तो माझ्या दारात येऊन ओरडायचा, “चाल बे! ज्याच्यापाशी कारागीर कमी, त्यानं सोता राबाव लागते.” तलावाच्या पाळीपर्यंत आम्ही सोबत जायचो. तिथल्या मोहाच्या झाडाखाली तो बसकण मारायचा. “तू हो पुढं. मले कायची घाई? माहे कारागीर हायेत.” त्याचा तो माज बघून माझं डोकं फिरायचं. मी तरातरा पाळीच्या टोकापर्यंत जाऊन यायचो. जन्मात पहिल्यांदा मी त्याच्या पुढे होतो आणि मला त्याचा भारी आनंद व्हायचा.

हिवाळ्यात शालिक गेला. मागावर बसल्या बसल्या, धोटा हातात असताना गेला.

पुढच्या तपासणीला मी बाईंशी जवळजवळ भांडलोच. एवढे कारागीर रक्तात असताना माणूस मरतो कसा?

“त्यांची जखम फार मोठी होती,” त्या म्हणाल्या. “जखम मोठी असली की शरीर जास्त पेशी धाडत असावं. पुरत्या पडतीलच असं नाही. आम्हालाही अजून सगळं उलगडलेलं नाही. त्यांना थोडं चाललं तरी धाप लागायची. मी हे सगळं त्यांना समजावलं होतं.”

“मग मले काऊन नाई सांगितलं त्यानं?”

बाईंनी मला त्याचेच शब्द सांगितले. “वसंताले सांगू नोका, मॅडम. माह्यावर जळून जळूनच तो चालून रायला. जळणं बंद झालं का घरी बसन.”

गर्दी दिसली की तिथे काय तुटलंय ते आधी बघायचं, हे मी आळीत शिकलो होतो. शालिकच्या बाबतीत मात्र रक्तातल्या नुसत्या गर्दीवर जळत बसलो. दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून मी रडलो.

अजून रोज सकाळी मी पाळीवर जातो. मोहाच्या झाडापाशी आलो की पुन्हा जळतो. एवढी माया मला त्याच्यावर करता आली नसती, तिथेही तो पुढेच. मग रागारागाने टोकापर्यंत चालत जातो.