भारंभार गूळ

"वजन किती कमी झालं म्हणालात?" डॉक्टर मॅडमनी विचारलं.

"बारा किलो." खरं सांगते, आवाजात तोराच होता. जन्मात पहिल्यांदा कुणी वजन विचारलं आणि मला ते लपवावंसं वाटलं नाही.

"त्यासाठी काही करत होतात? चालणं, पथ्य?"

"काहीच नाही. आपोआप."

मॅडम हसल्या नाहीत. समोरचा बायोप्सीचा, म्हणजे आतड्यातल्या गाठीचा तुकडा तपासल्याचा, रिपोर्ट त्यांनी पुन्हा एकदा वाचला आणि मोठ्या आतड्याचा कॅन्सर आहे, असं सरळ सांगितलं. शेजारी बसलेल्या माझ्या नवऱ्यानं डोळ्यांना रुमाल लावला. मला मात्र अकोल्याला घरी परातीत अर्धी निवडून ठेवलेली गवार आठवली. ती वाळून जाईल, एवढंच मनात आलं.

मी एसटी स्टँडवर पासच्या खिडकीत बसते. दिवसभर बैठं काम, घरी गेलं की पोळ्या, आणि ताटात उरलेलं टाकवत नाही म्हणून पोटात. लग्नाच्या वेळी मी काडी होते, नंतर वर्षावर्षानं वाढत गेले. "मॅडम, खिडकी मोठी करायचा अर्ज द्या ना," असं ड्रायव्हर मंडळी तोंडावर म्हणायची. मीही हसायची. हसायचं नाही तर काय करायचं?

मग मी रोडावू लागले. सुंठीवाचून खोकला गेला म्हणतात तसं झालं. ब्लाऊज आत घ्यावे लागले. शेजारणींना मी काय खाते ते जाणून घ्यायचं होतं. त्याच दिवसांत थकवा यायचा, पोट कधी बांधलेलं तर कधी सैल, आणि शौचातून रक्त पडायचं. मूळव्याध असणार म्हणून मी ताक वाढवलं आणि गप्प बसले. स्टँडचा जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी आली, तेव्हा कुठे रक्त तपासलं. हिमोग्लोबिन फार खाली गेलेलं होतं. तिथून अमरावतीच्या दवाखान्यात कोलोनोस्कोपी झाली, म्हणजे मागच्या वाटेनं कॅमेऱ्याची नळी आत घालून आतडं पाहिलं. गाठ तिथे दिसली.

तुमच्यापैकी कुणाचं वजन असं फुकटात उतरत असेल, तर पेढे वाटू नका. आधी डॉक्टरकडे जा. ही एक गोष्ट मला कुणीतरी सांगायला हवी होती.

"मी जाड होते म्हणून झालं का?" असं मी दुसऱ्या भेटीत विचारलं. मॅडम म्हणाल्या, "एकट्या वजनामुळे झालं असं कुणालाच सांगता येणार नाही. बारीक माणसांनाही होतो. पण पोटावरची चरबी नुसती पडून नसते, ताई. ती रक्तात इन्सुलिन वाढवते, शरीरात बारीक दाह पेटता ठेवते. आतडं, अन्ननलिकेचा खालचा भाग, यकृत, पित्ताशय, स्वादुपिंड यांच्या कॅन्सरचा धोका त्यानं वाढतो. आणि कॅन्सर झाला की तोच वजन खाऊ लागतो. म्हणून उतरलेलं वजन नेहमीच चांगलं नसतं."

मी मान हलवली. सगळं समजलं आणि आत कुठेच पोचलं नाही. सीटी स्कॅनच्या रांगेत एक बाई हुंदके देत होती. मला तिचा हेवा वाटला.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सासूबाई आल्या. त्यांना आम्ही आईच म्हणतो. मूर्तिजापूरजवळच्या खेड्यात त्या राहतात, शेत अजून स्वतः पाहतात. नर्स मला काट्यावर उभी करत होती तेव्हा त्या काठी टेकत शेजारी आल्या.

"किती भरली?"

"ब्याण्णव," नर्स म्हणाली.

"ब्याण्णव," आई पुटपुटल्या. मग माझा हात धरून म्हणाल्या, "मी देवीले बोलली हावो, सूनबाई. तू पायानं चालत घरी आली का तुह्या भारंभार गूळ तोलीन."

आमच्याकडे असा नवस बोलतात. माणूस एका पारड्यात, गूळ दुसऱ्यात, आणि तोलल्यावर तो गूळ गावभर वाटायचा. मी "बरं" म्हटलं. त्या दिवसांत मी सगळ्यालाच बरं म्हणत होते.

आतड्याचा एक भाग काढून उरलेली टोकं जोडली. काही लसिकाग्रंथींमध्ये, म्हणजे शरीरातल्या छोट्या गाळण्यांमध्ये, आजार पोचला होता, म्हणून केमोथेरपी ठरली. अकोला ते अमरावती आणि परत, अशा फेऱ्या सुरू झाल्या. केमोच्या खोलीत टीव्हीवर सदानकदा कुणीतरी पनीर तळत असायचं. थंड पाण्याला हात लावला की बोटांत सुया टोचायच्या. तोंडाला चव नव्हती आणि मनालाही नव्हती. नवरा स्वयंपाक शिकला. त्याचं वरण खारट व्हायचं. मला ते कळायचंच नाही, त्यामुळे भांडण झालं नाही.

केमो संपली तेव्हा मी इतकी वाळले होते की गळ्याची हाडं दिसत होती. स्कॅन स्वच्छ आला. नवरा रडला. मी स्कॅनची पिशवी घडी करून ठेवली.

मग आईंनी मला गावी नेलं आणि खाऊ घालायला घेतलं. तुपात भिजलेले कणकेचे रोडगे, डिंकाचे लाडू, दुधातल्या शेवया. मी नको म्हटलं की त्यांचा चेहरा उतरायचा. एक दिवस त्या बोलल्या. "ब्याण्णवचा नवस हाय. आता तोललं त देवीले कमी गूळ जाते. देवीले फसवलं त दुखनं वापस येते. तू पैलेवानी भर, मग तोलू."

म्हणजे त्या मला नवसापुरती भरून काढत होत्या. चेष्टा वाटेल, पण त्यांच्या डोळ्यांत खरी भीती होती. आणि मी मुकाट्यानं खात होते, कारण नाही म्हणायला जो जोर लागतो तो माझ्यात उरला नव्हता. पाहता पाहता ब्लाऊज पुन्हा घट्ट झाले.

पुढच्या तपासणीला आईही अमरावतीला आल्या. मॅडमनी काटा पाहिला आणि पेन खाली ठेवलं.

"केमो चालू असताना वजन राखा म्हणून मीच सांगितलं होतं. थोडं भरून येणं हवंच होतं. पण हे फार भराभर वाढतंय, ताई. आता जुन्या आकड्याकडे जायचं नाही. पोटावर पुन्हा तोच भार नको."

"पन मंग माहा नवस?" आई एकदम म्हणाल्या.

मॅडमना काही उमगेना. नवऱ्यानं अवघडून सगळं सांगितलं. मॅडमनी खुर्ची आईंकडे वळवली. "आजी, तुमच्या देवीचं मला कळत नाही. पण सून हवी असेल तर तिला ब्याण्णव करू नका."

परतीच्या गाडीत आई खिडकीबाहेर पाहत बसल्या. मूर्तिजापूरला उतरताना फक्त म्हणाल्या, "उद्यापासून भाकर अन् भाजी."

मी चालायला लागले. आधी अंगणात, मग नाल्यापर्यंत, मग पार मारुतीच्या देवळापर्यंत. घट्ट ब्लाऊज पुन्हा सैल झाले. पण या वेळी का झाले ते मला माहीत होतं. नवसाचं नाव आईंनी काढलं नाही, आणि मला वाटलं, त्यांनी तो मनातच गिळला. त्यांची भीती मात्र गेली नव्हती. माझं पोट जरा दुखलं की त्या देव्हाऱ्यापुढे जाऊन बसायच्या.

मग एका मंगळवारी त्यांनी मला देवीच्या देवळात नेलं. पुढच्या कडुनिंबाला कापूस तोलायचा मोठा तराजू टांगला होता. एका पारड्याच्या जागी पाट बांधला होता, त्यावर मी बसले. समोरच्या पारड्यात गुळाच्या भेल्या पडू लागल्या. पारडी समान झाली, पुजारी "झालं" म्हणाला, बायांनी टाळ्या वाजवल्या.

"टाक अजून," आई म्हणाल्या.

"काकू, बरोबर झालं ना वो. जास्त होते."

"होऊ दे. मी ब्याण्णव बोलली होती. कमी पडते ते आता गूळ भरून काढन, माही सून नाई."

त्या स्वतः वाकून एकेक भेली ठेवू लागल्या. ऐंशीच्या घरातली बाई, धाप लागलेली, कुणाला हात लावू देईना. समोरचं पारडं खाली गेलं. माझा पाट हलला, पायाखालची जमीन सुटली आणि मी वर गेले. जन्मभर मी जिथे बसले तिथे काहीतरी करकरलं होतं, झोपाळा, खाट, रिक्षाची सीट. आणि आता मी लोंबकळत होते आणि खाली आई कमरेवर हात ठेवून माझ्याकडे पाहत होत्या.

मग मला रडू आलं. निदान झालं त्या दिवसाचं, केमोचं, वाळून गेलेल्या गवारीचं, सगळं एकदम. मोठ्यानं, सगळ्या गावासमोर.

दोघंजण मला उतरवायला पुढे आले.

"थांबा," आई म्हणाल्या. "राहू द्या तिले वर थोडं."