लेस्टरचे एक हजार चारशे बारा खेळ

लेस्टर क्विगलीबद्दल वाईट बोलू नये, असं आमच्या शेडमधले सगळे म्हणतात. म्हणोत बापडे. मी जन्मभर खाटकाचं दुकान चालवलं, मला गोड बोलायची सवय नाही.

ऑस्ट्रेलियातल्या आमच्या पोर्ट ऑगस्टाच्या टपाल कचेरीत लेस्टरनं छत्तीस वर्षं पत्रं वेगवेगळ्या खणांत टाकली. निवृत्त झाला, पण सुंभ जळाला तरी पीळ जातो कुठं! आमची मेन्स शेड म्हणजे घरी बायकोच्या पायात येणाऱ्या म्हाताऱ्यांनी रंधा मारत, चहा पीत बसायची जागा. तिथं आल्या आल्या त्यानं सगळे स्क्रू लांबीप्रमाणं लावून ठेवले. तेव्हापासून आजतागायत कुणाला हवा तो स्क्रू सापडलेला नाही.

मग फेब्रुवारीत कुणीतरी शेडला कॉम्प्युटर दिला. जो तो खेळ आणू लागला. बिस्किटांच्या डब्यातल्या जुन्या सीड्या, नेटवरच्या पाच दुकानांतून घेतलेले खेळ, शिवाय ही दुकानं दर गुरुवारी फुकट वाटतात ते. प्रत्येक दुकानाचं दार वेगळं, पासवर्ड वेगळा. हे सगळे एकाच यादीत आणणारा एक प्रोग्राम असतो. तो लेस्टरला सापडला आणि आमचं नशीब फुटलं.

“खेळांची लायब्ररी नीट लागेपर्यंत कुणी काही उघडायचं नाही,” मार्चच्या सभेत त्यानं जाहीर केलं. “मधेच कुणी खेळलं की तासांची नोंद बिघडते.”

कसले तास, कसली नोंद, कुणी विचारलं नाही. सगळ्यांनी हात वर केले. मीही केला, चहा निवत होता.

एकट्या क्लॅरी टॉझरनं केला नाही. त्यानं एकतीस वर्षं नलरबॉरच्या माळावरून मालगाडी चालवली होती. त्याच मार्गावर गाडी चालवायचा खेळ त्याला नातीनं सीडीवर आणून दिला होता. आणि डॉक्टरनं सांगितलं होतं, डोळ्याचा पडदा चाललाय. नाताळपर्यंत समोरचं दिसायचं बंद होईल, कडेकडेचं तेवढं राहील.

“एकदा जाऊन येऊ दे रे मला तिकडं,” क्लॅरी म्हणाला. “मग लाव तुझे खण.”

“आठवडाभर दम धर की,” लेस्टर म्हणाला.

एप्रिल चित्रांत गेला. प्रत्येक खेळाचं चित्र एकाच मापाचं पाहिजे, नाहीतर म्हणे डोळ्याला खुपतं. मेमध्ये एकच पत्त्यांचा खेळ अकरा वेळा निघाला. जूनमध्ये घोडं पेंड खायला लागलं ते क्लॅरीच्याच खेळापाशी. तो तीन ठिकाणांहून आला होता: नातीची सीडी, एका दुकानातला आणि एक गुरुवारचा फुकटचा. मूळ प्रत कोणती? आणि तो घालायचा कुठं, वाहतुकीत की कौशल्यात?

“नोकरीत घाल,” क्लॅरी वैतागून म्हणाला. “पगार घेतलाय मी त्याचा.”

लेस्टरनं खरोखर ‘नोकरी’ असा कप्पा काढला! मग शेतीचे खेळ, हॉटेल चालवायचे खेळ, सगळी वरात तिकडं हलवावी लागली. त्यात ऑगस्ट गेला.

सप्टेंबरात क्लॅरी चहा कपाच्या शेजारी ओतू लागला. मी लेस्टरला बाजूला घेतलं. “अरे, त्याला तरी बसू दे!”

“नियम सगळ्यांना सारखा,” तो म्हणाला.

माझं डोकं असं तापलं होतं! पण शेडमध्ये भांडण नको म्हणून गिळलं. चुकलंच माझं.

नोव्हेंबरात एकदाचं उद्घाटन झालं. तव्यावर सॉसेज, कांदा, पाव. एक हजार चारशे बारा खेळ, एका मापाची चित्रं, एक रेघ इकडची तिकडं नाही. लेस्टरनं भाषण केलं आणि पहिला मान क्लॅरीला दिला.

क्लॅरी खुर्चीत बसला, पडद्यावर त्याची मालगाडी उभी राहिली. मान तिरकी करून, नाक जवळजवळ पडद्याला टेकवून बघू लागला.

“सिग्नल कुठाय?”

“हा काय, समोर.”

“समोरचंच गेलं रे बाबा.”

कांदा करपला तरी कुणी हलेना.

“तू चालव,” क्लॅरी लेस्टरला म्हणाला. “मी सांगतो.”

आणि तेव्हा उजेड पडला. लेस्टरला खेळायचं कसं तेच माहीत नव्हतं! त्याच्या यादीत खेळलेल्या तासांचा रकाना होता, वरपासून खालपर्यंत शून्य.

“आधी ब्रेक सोड, गाढवा!” क्लॅरी नुसत्या आवाजावरून ओरडत होता. “हळू! डबे तोडशील! अरे, शिट्टी कोण तुझा काका देणार?”

लेस्टर घामानं भिजला. दोनदा गाडी बंद पडली. तिसऱ्यांदा ती निघाली आणि सरळ रुळाला लागली. क्लॅरीचा गुडघा रुळांच्या ठेक्यावर हलायला लागला.

“उजवीकडं काय दिसतं?”

“माती.”

“रंग?”

“लाल.”

“कसली लाल? पहाटेची, भर दुपारची, का पाऊस होऊन गेल्यावरची?”

लेस्टरनं मान पुढं काढून पडद्यात डोळे घातले. त्यानं हात कळांवरून काढले नाहीत.

“मला नाही कळत, क्लॅरी,” तो म्हणाला.

“मार्चमध्ये मी सांगितलं असतं तुला,” क्लॅरी म्हणाला.