पाचवा फाऊल

लोहाऱ्याच्या शिवकांता बिराजदार जन्मात कधी बास्केटबॉल खेळल्या नव्हत्या. त्यांच्या गावात खो-खो होता, कबड्डी होती. बास्केटबॉलचा खांब त्यांनी जवळून पाहिला तो शाळेत क्रीडाशिक्षिका म्हणून लागल्यावर. मुलींना शिकवायचं काम अंगावर आलं आणि खेळ तर येत नव्हता, म्हणून त्यांनी नियमांचं पुस्तक धरलं. असं धरलं, की पुढं सोलापुरात पंचांची परीक्षा झाली तेव्हा त्या पहिल्या आल्या. कुठलाही प्रसंग सांगा, नियम तोंडपाठ.

मी नळदुर्गला गणित शिकवतो आणि सामन्यांत टेबलावर गुण लिहायला बसतो. त्यामुळं त्यांचा पहिला सामना मी अगदी समोरून पाहिला. धाराशिवला शाळांच्या मुलींची स्पर्धा होती. जोडीला दुसरे पंच बलभीम सर, मैदानात केस पिकलेले. बाईंची शिट्टी काही थांबेना. खांद्याला खांदा लागला, शिट्टी. चेंडू सुटल्यावर बोट घासलं, शिट्टी. मुली जरा पळायच्या की उभ्या राहायच्या. पाच फाऊल झाले की खेळाडू बाहेर. एका संघाच्या तर इतक्या जणी बाहेर गेल्या, की शेवटी चौघीच खेळत राहिल्या. लोक आधी हसले, मग कंटाळून उठून गेले.

सामना संपल्यावर बलभीम सर टेबलाशी आले. "बाई, तुमची एक बी शिट्टी खोटी न्हाय. पण आज खेळ कुठं झाला?"

"लिहिलंय तेच केलं मी, सर."

"हात लागला का, हे ह्या गणिताच्या मास्तरला बी दिसतंय. त्या लागण्यानं समोरचीचं काय गेलं, हे बघायला तुम्हाला मधी उभं केलंय."

बाईंनी शिट्टी गळ्यातून काढून पिशवीत टाकली. कान लाल झाले होते. घरी जाऊन त्यांनी नवऱ्याला, शंभुलिंगला, सांगून टाकलं, "पंचगिरी बास झाली. सोडते मी."

"सोड की," तो जेवता जेवता म्हणाला. "एकाच सामन्यात दम निघाला म्हणायचं."

हे बोलणं त्यांना बलभीम सरांपेक्षा जास्त झोंबलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पंजाबी ड्रेसवर ओढणी कमरेला बांधून शाळेच्या मैदानात उतरल्या आणि मुलींना म्हणाल्या, "मला पण घ्या खेळायला." मुली आधी लाजल्या, मग त्यांनी बाईंना चांगलंच घेतलं. कोपरं लागली, गुडघे फुटले, एकदा तर चेंडू नाकावर बसला. बाई हटल्या नाहीत. कुठला धक्का लागूनही पाऊल पुढं पडतं आणि कुठल्या नुसत्या ओढीनं उडीच मोडते, हे त्यांच्या अंगाला कळायला लागलं.

तरी गाडी लगेच रुळावर आली नाही. पुढच्या हंगामात त्या उलट्या टोकाला गेल्या. शिट्टी तोंडात, पण वाजेचना. भूमच्या सामन्यात ढकलाढकली वाढत गेली आणि एका पोरीचा घोटा मुरगळला. त्या पोरीला उचलून बाहेर आणणाऱ्यांत बाईच पुढं होत्या. त्या दिवसापासून त्यांनी पुस्तक पुन्हा उघडलं. मात्र आता प्रत्येक नियमाशी थांबून, हा कशासाठी केला असेल, असं त्या विचारायच्या. कधी मला फोन करून विचारायच्या. मला काय डोंबल कळतंय! पण मी ऐकायचो.

मग तुळजापूरच्या एका मंडळाच्या स्पर्धेत अंतिम सामना त्यांच्याकडं आला, जोडीला पुन्हा बलभीम सर आणि टेबलावर मी. तुळजापूर विरुद्ध परंडा. तुळजापूरची आरोही म्हणजे गावाचं लाडकं पोर. अर्धी गर्दी तिलाच बघायला आलेली. शेवटची काही मिनिटं उरली, तेव्हा तिच्या नावावर चार फाऊल होते. परंड्याच्या मुलीनं चेंडू टाकला, आरोहीचा हात ओझरता लागला. परंड्याचे मास्तर ओरडले, "फाऊल, फाऊल!" बाईंनी मान हलवली, खेळ चालू ठेवला. थोड्या वेळानं तीच मुलगी पुन्हा उडाली आणि आरोहीनं हवेतच तिचा दंड धरून खाली खेचला. शिट्टी वाजली. पाचवा.

मैदानात एकच गलका झाला. मंडळाचे आण्णासाहेब तडक टेबलापाशी आले.

"मॅडम, मघाशी सोडलात ना? तसंच हे बी सोडा. पंचाच्या मनावर असतंय म्हणत्यात."

"मघाशी त्या पोरीचं काही अडलं नव्हतं, म्हणून सोडलं. आता ती खाली पडली."

"बरं, फाऊल ऱ्हाऊ द्या. दुसऱ्या पोरीच्या नावावर घाला. गर्दीत कोण होतं, कुणाला कळतंय?" असं म्हणून ते माझ्याकडं वळले. "लिहा हो मास्तर."

माझं पेन हातातच राहिलं. बाईंनी टेबलावर हात ठेवला.

"सर, आरोहीच्या नावावर लिहा." मग आण्णासाहेबांना म्हणाल्या, "फाऊल होता का नव्हता, हे ठरवायचं काम माझं. ते मी केलं. पाचव्यानंतर बाहेर जायचं, त्यात ठरवायला काही उरत न्हाय. मला बी न्हाय, तुम्हाला बी न्हाय."

"लोकं गोंधळ घालतील."

"मी हितंच उभी हाय."

मी लिहिलं. आरोही टॉवेल भिरकावून बाकावर जाऊन बसली. तुळजापूर हरलं. बक्षीस समारंभात पंचांचा सत्कार झाला. बलभीम सरांना शाल-नारळ मिळाला, शिवकांताबाईंचं नाव पुकारलंच नाही. बसस्टँडवर मी काही बोलायला गेलो, तर म्हणाल्या, "लोहाऱ्याची गाडी लागली का बघा आधी."

पुढच्या वर्षी त्यांना तुळजापूरचं बोलावणं आलं नाही. त्या इतर ठिकाणी सामने घेत राहिल्या. त्या वर्षी तुळजापूरच्या अंतिम सामन्यात पंचानं लोकांचं ऐकून निर्णय फिरवला, दोन्ही संघ मैदानातच भिडले आणि बक्षीस कुणालाच देता आलं नाही.

यंदा आण्णासाहेबांचा फोन आला. मी तेव्हा बाईंच्या घरी चहाला होतो, फोन स्पीकरवर होता.

"मॅडम, फायनल तुम्हीच घ्या. फकस्त एक..."

"काय एक?"

"काय न्हाय. या."


बाईंनी फोन ठेवला आणि शंभुलिंगला विचारलं, "माझे बूट कुठं वाळत घातलेत?"