तळमजल्यावर ऐकू येणारी लिफ्ट

“काकू, तुम्ही राहता तळमजल्यावर. तुम्हाला लिफ्टची कसली काळजी?” पुढच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं आणि नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीची मीटिंग हसली.

काकू आमच्या खजिनदार. त्यांच्या स्वयंपाकघराची भिंत लिफ्टला लागून आहे. लिफ्ट निघाली की त्या बोलता बोलता थांबतात, मान तिरकी करून ऐकतात आणि ती थांबली की वाक्य पुढे नेतात. सुरुवातीला मला वाटायचं, त्यांना माझा कंटाळा येतो.

विषय सिंकिंग फंडाचा होता. दर महिन्याच्या मेंटेनन्समधले थोडे पैसे त्यात साठतात, म्हणजे मोठी वस्तू निकामी झाली की कर्ज काढावं लागत नाही. गच्ची गळायला लागली तेव्हा असा फंड नव्हता. तेव्हा काढलेलं कर्ज आम्ही अजून फेडतोय. आता या पैशांतून सगळ्यांना नवं गेट हवं होतं.

“गेटसाठी वेगळी वर्गणी काढा,” काकू म्हणाल्या. “लिफ्ट घासल्यासारखी वाजतेय. हे पैसे तिचे आहेत.”

“तुम्हालाच बरं ऐकू येतं हो!”

परत हशा. काकूंनी चष्मा पुसला. मतदानात गेटच्या विरोधात त्यांच्या एकटीचा हात वर गेला.

मी सहाव्या मजल्यावर राहते. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. मीटिंगमध्ये मी कधी बोलत नाही. उठताना खुर्ची केवढ्याने तरी वाजली.

“काकूंना ऐकू येतं ते मला रोज लिफ्टमध्ये पायांखाली जाणवतं,” मी म्हणाले. “लिफ्ट बंद पडली तर माझी आई घरात अडकेल. माझाही हात विरोधात मोजा.”