नाकारलेल्या शेगडीचा चहा

"हलतंय."

एवढंच म्हणून अण्णा टेबलाच्या कोपऱ्यावरची दोन बोटं उचलत. टेबल दुकानातलं असो, कँटीनमधलं असो की मोठ्या साहेबांच्या केबिनमधलं, समोर आलं की आधी त्याचा कोपरा दाबायचा, कान जरा तिरका करायचा आणि मग निकाल द्यायचा. निकाल बहुधा ठरलेलाच असे. चार पायांची एखादी वस्तू अण्णांच्या बोटांखाली पहिल्याच खेपेला पास झालेली मी तरी पाहिली नव्हती.

आमचा कारखाना बंगळूरजवळ येलहंक्याच्या पुढे होता. नव्वदच्या दशकात मी पुण्याहून तिथे इंजिनिअर म्हणून गेलो, तेव्हा अण्णा बाहेरून येणारा माल तपासायच्या खात्यात होते आणि त्यांच्या निवृत्तीला वर्षभर उरलं होतं. मूळचे निपाणीकडचे. घरी मराठी, बाजारात कन्नड आणि रागावले की दोन्ही एकदम. लहानथोर सगळेच त्यांना अण्णा म्हणत, तेव्हा इथेही अण्णाच. तुमच्या ऑफिसातही असा एक माणूस असेलच, ज्याच्यापुढे कागद न्यायचा म्हटलं की आधी आपणच तो दोनदा वाचतो.

त्यांचा संशय मालापुरता नव्हता. कंपनीच्या बसच्या ड्रायव्हरला लांबचं दिसत नाही असा त्यांना दाट संशय होता, म्हणून ते बसवनगुडीहून दोन सिटी बस बदलून येत. कँटीनचं सांबार कालचं असल्याचा संशय तर रोजचाच. मनगटावरच्या घड्याळावर भरवसा नाही म्हणून खिशात दुसरं घड्याळ. दोन्ही घड्याळं जुळली तर आपण निश्चिंत होऊ. अण्णा म्हणत, "दोन्ही चुकली असतील की!"

आम्ही त्यांची यथेच्छ थट्टा करायचो. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो, अण्णा तर ताकाचा पेलाही फुंकून बघतात, असं मीच एकदा म्हणालो होतो. त्यांनी ते ऐकलं आणि स्वतःच खो खो हसले.

पण एका बाबतीत त्यांची थट्टा कुणी करत नसे. ज्याचा माल घ्यायचा आहे, त्याचा चहा अण्णा घेत नसत. माल घेऊन आलेली माणसं कौतुकाने चहा मागवत आणि अण्णा पेल्यावर पंजा पालथा ठेवत. "नको ओ. चहा पोटात जातोय आणि डोळ्यावर येतोय. मग मापात फरक दिसत नाही." तीस वर्षं हा नेम चालला होता. निवृत्तीचा विषय निघाला की म्हणत, "मला हार नको, भेट नको. अण्णानं कुणाचं खाल्लं नाही, एवढं एक वाक्य त्या दिवशी कुणीतरी बोला. बास. ते ऐकून घरी जातो."

आम्हा आठदहा जणांचा सुट्टीला भटकणारा एक कंपू होता. सावनदुर्ग, रामनगरचे खडक, असं काहीबाही. जेवण तीन दगडांच्या चुलीवर, बसणं जमिनीवर. त्या हिवाळ्यात मात्र बायकामुलांसह कनकपुऱ्याच्या पुढे कावेरीच्या काठी दोन दिवस तंबू टाकून राहायचं ठरलं. माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. तेव्हा घडीची टेबलं हवीत, वाऱ्यात विझणार नाही अशी कोळशाची शेगडी हवी, असा बायकांचा रास्त आग्रह पडला. खरेदी माझ्याकडे आली आणि साहेबांनी सुचवलं, "अण्णांना बरोबर घ्या."

असल्या सामानाचं खास दुकान तेव्हा बंगळूरात आम्हाला तरी ठाऊक नव्हतं. शिवाजीनगरच्या गल्ल्यांतून पत्र्याची, लोखंडाची दुकानं पालथी घालायची, एवढाच मार्ग. पहिल्या शनिवारी अण्णा आले ते हातात रेतीने भरलेली पिशवी घेऊन. मला वाटलं, घराचं काही काम असेल. दुकानात शिरून त्यांनी ती रेती सरळ जमिनीवर ओतली आणि त्यात टेबलाचे पाय रोवले.

"अहो अण्णा, हे काय?"

"नदीकाठाला तुमच्यासाठी फरशी घालून ठेवलीय काय, पुणेकर?"

मग दुकानदाराच्याच बादलीने पातेलं भरून टेबलावर ठेवलं, खडूने भोवती रेघ मारली आणि तासभर कुणी आत यायचं नाही, असं बजावलं. गिऱ्हाइकं थबकून बघायला लागली. दुकानदार कन्नडमध्ये काय म्हणाला ते मला कळलं नाही, पण ते कौतुक नक्कीच नव्हतं. चाळीस मिनिटांनी एक बारीक पाय रेतीत शिरला आणि पातेलं आडवं झालं. अण्णांना झालेला आनंद काय सांगू!

"बघा की! टेबलाजवळ कोण येतंय? पोरंच येतात. वास आला की पातेल्याकडंच धावतात. तुमची पोर कुठं उभी राहणार होती, सांगा बघू."

दुसरा शनिवारही असाच गेला. एका टेबलाचा खटका वीस वेळा उघडमीट केल्यावर सैल पडला. दुसऱ्याची उंची कमी, "बायकांनी काय दोन दिवस वाकून भात ढवळायचा?" रेती पिशवीत परत भरायचं काम माझं होतं.

तिसऱ्या शनिवारी एका गल्लीच्या टोकाला पत्र्याचं काम करणारा एक म्हातारा कारागीर सापडला. त्याच्या टेबलाच्या पायांना तळहाताएवढ्या चपट्या पट्ट्या होत्या. ते रेतीत तासभर उभं राहिलं. अण्णांनी चारही कोपरे दाबले, कान तिरका केला आणि गप्प बसले. पास! टेबलांचे पैसे देऊन मी ती तिथेच ठेवली आणि मनातल्या मनात पेढे वाटले. त्याच म्हाताऱ्याची शेगडी तर मला बघताक्षणीच आवडली होती. पाय मिटणारे, खाली राखेचा कप्पा, तीन बाजूंनी वारा अडवायला पत्रा आणि वर चांदीसारखी चकाकणारी जाळी.

अण्णांनी जाळीवर नख ओढलं. "चकाकतंय कशानं?"

जाळीला जस्ताचा मुलामा होता. तापल्यावर त्याचा धूर निघतो आणि तो वाईट, हे मला इंजिनिअर असून सुचलं नव्हतं. पण म्हाताऱ्यासमोर अण्णा तेवढं बोललेच नाहीत. त्याने मागवलेल्या चहावर पंजा ठेवला, "बघूया," म्हणाले आणि मला बाहेर काढलं. रस्त्यात जस्ताचं सांगितलं, तेव्हा मला ते पटलं नाही. पंधरा दिवसांवर सहल आली होती आणि मला वाटू लागलं, या माणसाला शेगडी काही घ्यायचीच नाही.

पुढच्या मंगळवारी मुलीला बूट घ्यायला म्हणून मी दुपारी सुट्टी काढून शिवाजीनगरला गेलो होतो. सहज त्या गल्लीच्या टोकाकडे नजर गेली. म्हाताऱ्याच्या दुकानात स्टुलावर अण्णा बसले होते. एका हातात चहाचा पेला, दुसऱ्या हातात बिस्कीट. बिस्कीट बुडवून खात होते आणि म्हाताऱ्याच्या खांद्यावर थाप मारून हसत होते.

मी पाय मागे घेतला. शनिवारी "बघूया" म्हणून मला बाहेर काढलं ते का, आज एकटे गुपचूप आले ते का, सगळ्याचा अर्थ एका क्षणात लागला. संशयाचं असंच असतं बघा, एकदा शिरला की जुन्या गोष्टीही त्याच्या बाजूने साक्ष द्यायला येतात.

दुसऱ्या दिवशी जेवताना मी शेजारच्या माणसाला एवढंच म्हणालो, "काल अण्णांना दुकानात चहा पिताना पाहिलं." खोटं एक अक्षर नव्हतं. पण आमच्या कारखान्यात त्या वाक्याचा अर्थ काय होतो, हे मला पुरतं ठाऊक होतं. उचलली जीभ लावली टाळ्याला. संध्याकाळपर्यंत चहाचं नोटांचं पाकीट झालं आणि गुरुवारी त्या पाकिटाची जाडी सांगणारेही भेटले.

शनिवारी मी एकटाच म्हाताऱ्याकडे गेलो. खरं सांगायचं तर अण्णांना पकडायलाच गेलो होतो. आडून आडून विचारलं, तर म्हातारा मोकळेपणाने बोलू लागला.

"अण्णा? उनो मेरी शेगडी नक्को बोले. जाली खराब है बोले. सबके सामने बोलना अच्छा नहीं, इसलिए अकेले आए. फिर खुद बोले, अब चाय मंगाओ."

"पण ते तर दुकानदाराचा चहा घेत नाहीत!"

"मैं भी वोइच पूछा. तो बोले, माल नक्को है, तुम नक्को थोड़ी हो." म्हातारा हसला. "साधी सळी की जाली कैसी बनाना, वो भी बताए. कल बना के दिया, तो पास करे. मैं चाय मंगाया तो फिर गिलास पे हाथ रख दिए!"

नव्या जाळीची शेगडी तिथेच कागदात गुंडाळून ठेवली होती. मी ती आणि टेबलं उचलून घरी आलो. सोमवारी सगळ्यांना खरं काय ते सांगायचं, असं रस्ताभर ठरवत होतो.

सोमवारी कळलं, अण्णांना साहेबांनी बोलावून घेतलं होतं. चौकशी वगैरे नाही, नुसतंच सांगितलं की यापुढे त्यांच्या सहीखाली आणखी एकाची सही लागेल. तीस वर्षं ज्या सहीवर माल आत येत होता, तिला आता साक्षीदार हवा होता. खरं सांगायचं म्हणजे आधी 'ही आवई मीच उठवली' हे सांगायला हवं. मी नवा माणूस, बढती तोंडावर आलेली. मूग गिळून बसलो.

त्या संध्याकाळी स्कूटर काढत होतो, तर अण्णा समोर उभे.

"पुणेकर, स्वल्प थांबता काय? एक विचारायचं होतं." त्यांचा आवाज इतका खाली गेलेला मी कधी ऐकला नव्हता. "कोण उठवलंय ओ हे? ड्रायव्हर असंल म्हणून बघितलं, कँटीनवाला असंल म्हणून बघितलं. सगळ्यांवर संशय घेऊन झाला. तुमच्यावर तेवढा येत नाही, म्हणून तुम्हालाच विचारतोय. तुमच्या कानावर काही आलंय काय?"

"नाही अण्णा," मी म्हणालो. "मला काहीच माहीत नाही."

"सरी, बरं," म्हणाले, आणि बसथांब्याकडे चालू लागले. मला लाज वाटली, पण हाक मारण्याइतकी नाही.

सहलीला अण्णा काकूंना घेऊन येणार होते. आले नाहीत. कावेरीच्या काठी दुसऱ्या दिवशी दुपारी टेबलावर उकळत्या रश्शाचं पातेलं होतं आणि माझी मुलगी नजर चुकवून गेली ती दोन्ही हातांनी टेबलाच्या कडेला लोंबकळली. बायको किंचाळली. मी धावलो, पण त्याआधीच जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. पातेल्यातला रस्सा जरा डुचमळला, टेबल तसूभर हललं नाही. मुलगी खाली उतरून हसत पळाली. सगळे म्हणाले, टेबल मजबूत आहे हो! अण्णांचं नाव कुणी घेतलं नाही. मीही घेतलं नाही.

निरोपाचा समारंभ पुढच्या पावसाळ्यात झाला. साहेब अण्णांना वक्तशीर म्हणाले, मेहनती म्हणाले. मला दोन शब्द बोलायला उभं केलं, तेव्हा मी रेतीच्या पिशवीची गोष्ट सांगितली. खूप हशा पिकला. अण्णा पहिल्या रांगेत ताठ बसून माझ्याकडे बघत होते आणि ते कशाची वाट बघताहेत हे त्या सभागृहात मला एकट्याला नेमकं माहीत होतं. ते एक वाक्य माझ्या जिभेवर होतं. ते बोललो असतो तर कुणीतरी विचारलं असतं, तुला काय माहीत? मी नमस्कार करून खाली बसलो. अण्णा हार घेऊन घरी गेले.

निवृत्तीनंतर अण्णा निपाणीला राहायला गेले होते. दोन वर्षांनी कोल्हापूरहून बंगळूरला परतताना मी वाटेत तिथे उतरलो. या वेळी सांगायचंच, असं ठरवून गेलो होतो. दार काकूंनी उघडलं. अण्णांना जाऊन तीन महिने झाले होते.

"तुमचं नाव फार घ्यायचे," काकू म्हणाल्या. "म्हणायचे, सगळे फिरले, पुणेकर तेवढा फिरला नाही. शेवटपर्यंत डोकं एकाच गोष्टीला लावून बसले होते ओ. कोण असंल, कोण असंल. तुम्हाला कळलं काय, कोण होतं ते?"

मी खाली बघत म्हणालो, "काकू, मीच होतो."

आतल्या खोलीत नातवंडं खेळत होती, त्यांचा आवाज येत राहिला. काकू रागावतील, उठून जातील, असं मला वाटलं. मनातून मला तेच हवं होतं. त्यांनी पदराने तोंड पुसलं.

"त्यांना कळलं नाही ते बरं झालं," त्या म्हणाल्या. "जाताना त्यांच्याकडं भरवशाचं म्हणून तेवढं एकच माणूस उरलं होतं."